ओढ्यापुढे काढलेल्या चपला

मिरजेच्या फलाटावर अण्णा अनवाणी उभे होते. चपला शेजारी जोडून ठेवलेल्या, देवळाच्या पायरीशी ठेवतात तशा. मला वाटलं, अंगठा तुटला असेल. गाडी सुटायला चार मिनिटं होती, आई खिडकीतून हात घालून तिसऱ्यांदा लोणच्याच्या बरणीचं झाकण आवळून बघत होती, त्या गडबडीत विचारायचं राहून गेलं. अण्णांनी पाण्याचा पाच लिटरचा कॅन आत सरकवला. वरच्या गावच्या हापशाचं पाणी. मला कळायला लागल्यापासून आमच्या घरी प्यायचं पाणी तिथूनच यायचं. स्वतःच्या विहिरीचं अण्णा तोंडात घालत नसत. "तिकडं गेलीस की कारखाना पुढनं बघू नको," ते म्हणाले. "मागं जा. पाणी कुठं जातंय ते बघ. मग पगार विचार."

वडील माणसं निरोप देताना तब्येतीला जप म्हणतात, पोचलीस की फोन कर म्हणतात. आमचे अण्णा हे म्हणाले. गाडी हलली तरी ते तसेच उभे होते, आणि त्यांनी मला नमस्कार केला. बापानं मुलीला. मी हसून हात हलवला होता.

सहा वर्षं झाली त्याला. मी बेंगळुरूला दारूच्या कारखान्यात काम करते. हे असं धडधडीत लिहिलं की गावाकडच्या काहींना ठसका लागेल, कारण आई सगळ्यांना 'केमिकल कंपनीत आहे' म्हणून सांगते. महादेवपुऱ्याच्या काचेच्या इमारती मागे पडल्या, की तासाभराच्या रस्त्यावर आमची छोटी डिस्टिलरी आहे. तांब्याची दोन भांडी, लाकडी पिंपांचं एक गोडाऊन, आणि आम्ही मोजून अठरा माणसं. नाचणी आणि जवाची व्हिस्की करतो. नाचणी इथलीच, आसपासच्या तालुक्यांतली. तिला पाणी कमी लागतं. उरलेला चोथा गोठेवाले ट्रॅक्टरनं घेऊन जातात. बॉयलरमध्ये कॉफीची टरफलं जळतात. बाटली हलक्या काचेची, वर पुठ्ठ्याचा डबा नाही. आणि लेबलवर ठळक अक्षरात लिहिलंय की आमच्या कारखान्यातून घाण पाण्याचा एक थेंबही बाहेर जात नाही. त्या थेंबाची जबाबदारी माझी.

मालक रोहन पुण्याचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. एचएसआर लेआउटमध्ये राहतो, व्हिस्कीबद्दल बोलायला लागला की आमच्या गावच्या कीर्तनकारालाही मागे टाकेल. त्यानंच मला पहिल्यांदा सांगितलं, की पिंपातून दर वर्षी थोडी व्हिस्की हवेत उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. थंड देशात तो वाटा थोडका असतो. इथल्या हवेत देवदूतांना फारच तहान लागते. म्हणून आमची व्हिस्की बारा वर्षं थांबत नाही, तिसऱ्याच वर्षी पिकते. लोक तिला कोवळी म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत.

पहिली पिंपं आम्ही भरली त्याच महिन्यात अण्णा गेले. ती व्हिस्की आणि अण्णांचं नसणं एका वयाचं आहे. दुपारी ऊन तापलं की मी गोडाऊन उघडते आणि आतून तो उडून चाललेला वास अंगावर येतो. गोडसर, ओल्या लाकडाचा, तळाशी किंचित करपलेला. अण्णांच्या खाकी शर्टाला हाच वास होता. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. मी दारातच थांबते. आत कुणीतरी आहे आणि ते पाठ करून उभं आहे असं मला दर वेळी वाटतं, आणि मी काही फार भाबडी बाई नाही.

त्यात या शहराची रीत अशी, की इथे प्रत्येकाला अण्णा म्हणावं लागतं. रिक्षावाला अण्णा, इडलीवाला अण्णा, पाण्याचा टँकरवाला अण्णा. "अण्णा, स्वल्प मुंदे," म्हणजे जरा पुढे घ्या. दिवसातून वीस वेळा मी वडिलांना हाक मारते आणि वीस वेळा दुसरंच कुणीतरी वळून बघतं.

अण्णा आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होते. उसाच्या मळीपासून दारू केली, की मागे काळं, कढत, घाण वासाचं पाणी उरतं. गावात त्याला मळीचं पाणी म्हणायचे. ते साठवायला मागे मोठा खड्डा होता. तो काठोकाठ भरला, की वरून फोन यायचा, "ओढ्याला पाणी आलंय, सोडून द्या." पावसात ओढा गढूळच असतो, त्यात काय मिसळलं ते कुणाला दिसत नाही. व्हॉल्व्ह फिरवायचं काम अण्णांचं.

शाळा कारखान्याला लागूनच होती, मधल्या सुट्टीत त्यांचा डबा पोचवायचं काम माझं. त्यामुळे मी ते कितीदा तरी पाहिलंय. अण्णा आधी चपला काढायचे. मग ओढ्याकडे तोंड करून हात जोडायचे. मग व्हॉल्व्ह. दसऱ्याला यंत्रांची पूजा करतात तसलंच हे काही असेल असं मला वाटायचं. आणि हे सगळं करायच्या आधी ते मला निरोप द्यायचे, "जाता जाता शेवंताकाकूला सांग, आज म्हशी वरच्या तळ्यावर ने. का म्हणून विचारलं तर ठाऊक नाही म्हण."

शेवंताकाकूंचं रान ओढ्याच्या खालच्या अंगाला. त्यांच्या म्हशी ओढ्यावरच पाणी प्यायच्या. मी जाऊन सांगायची, काकू 'बरं' म्हणायच्या, हातावर शेंगा ठेवायच्या. त्यांनी कधी का म्हणून विचारलं नाही. अण्णा दोन्ही करायचे, व्हॉल्व्हही उघडायचे आणि सांगावाही धाडायचे. तेवढ्यावर त्यांची झोप भागत असावी.

मी सहावीत होते. अण्णांनी नेहमीसारखा निरोप दिला आणि मी शाळेच्या कोपऱ्यावर आले, तर वर्गातल्या सुमीची नवी सायकल. एक फेरी देते म्हणाली. एकीच्या तीन झाल्या, घंटा झाली, मी वर्गात पळाले. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "सांगितलंस?"

"हो," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी काकूंची गाभण म्हैस मेली. त्या पावसात त्यांच्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं, वांगी करपली. वर्षभरात काका इचलकरंजीला मागावर गेले, मग दोन्ही मुलं गेली. आपण घर सोडणाऱ्यांच्या आठवणी लिहितो तेव्हा लिहिणारे आपण असतो, शिकून नोकरीला गेलेले. काका काही लिहीत बसले नाहीत. ते गेले ते परत आलेच नाहीत. काकू एकट्या राहिल्या आणि त्या दिवसापासून अण्णांशी एक शब्द बोलल्या नाहीत.

अण्णांना वाटत राहिलं, निरोप पोचूनही बाईनं ऐकलं नाही. मी ते तसंच वाटू दिलं. आधी माराच्या भीतीनं, मग सवयीनं. अण्णा गेले तेव्हा मी बेंगळुरूहून रात्रभर बसनं गेले, त्यांचे पाय धरले, रडले, तरी ते एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आता ऐकायला कोण होतं?

आता मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचं पाणी आटवायचं यंत्र बिघडलं. तांब्याच्या भांड्यात व्हिस्की काढून झाली, की तळाशी आंबट, तपकिरी पाणी उरतं. मळीच्या पाण्याइतकं काळं नसतं, पण तळ्यातले मासे मारायला पुरेसं असतं. यंत्राचा सुटा भाग यायला चार दिवस लागणार होते. साठवणीची टाकी गळ्यापर्यंत आलेली. थांबायचं म्हटलं तर आंबवलेली नाचणी नासणार, आणि आमची पहिली बाटली बाजारात यायचा मुहूर्त अगदी तोंडावर. बाहेर पाऊस मी म्हणत होता. कारखान्यामागून राजकालुवे जातो, म्हणजे पावसाचं पाणी तळ्याकडे नेणारा मोठा नाला. तो दुथडी भरून चाललेला.

रोहनचा फोन आला. "अगं, बाहेर एवढा पाऊस आहे, डायल्यूट होऊन जाईल. फक्त आजच्या दिवस. आय हेट धिस, तुला माहितीये. पण स्वल्प सोड."

रोहन वाईट माणूस नाही. अण्णांचे साहेबही नव्हते. मी "सरी", म्हणजे बरं, म्हणाले, फोन खिशात टाकला आणि छत्री न घेताच मागच्या बाजूला गेले.

माझ्या शिफ्टला मल्लप्पा असतात, निपाणीकडचे, घरी मराठी बोलणारे. ते पाना घेऊन मागोमाग आले. मी व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला, तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, बूट का काढलासा?"

मी खाली बघितलं. माझे सेफ्टी बूट भिंतीशी जोडून ठेवलेले होते. मी ओल्या सिमेंटवर नुसत्या मोज्यांनी उभी होते. ते बूट मी केव्हा काढले, नाड्या केव्हा सोडल्या, मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मानेवर कुणाचा तरी श्वास होता. तो करपलेला गोड वास नाल्याच्या बाजूनं येत होता, आणि टाकीचं झाकण तर बंद होतं. मिरजेचा फलाट तेव्हा मला कळला. मला ज्या कामाला ते पाठवत होते त्या कामाची ते आधीच माफी मागून ठेवत होते.

"मल्लप्पाण्णा," मी म्हणाले, आणि या वेळी ती हाक कुणाला होती ते मला सांगता येणार नाही. "भट्टी बंद करा."

"सगळी नासंल की."

"नासू दे."

यात माझा मोठेपणा नाही. मल्लप्पांनी बुटांचं विचारलं नसतं तर मी ते चाक फिरवलं असतं. नाचणी नासली, मुहूर्त हुकला. रोहन आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. एक दिवस टाकीपाशी आला आणि म्हणाला, "लेबल बदलावं लागलं असतं नाही?" बस, तेवढंच. बाटली दोन महिन्यांनी आली. कोवळी व्हिस्की, जिभेवर नाचणीच्या भाकरीची चव, शेवटाला धूर. सगळ्यांनी ग्लास उंचावले. मी एक घोट घेतला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

गावी गेले ती घरी बॅग टाकून थेट ओढ्याच्या खालच्या अंगाला. शेवंताकाकू विहिरीशी शेंगा निवडत होत्या. केस पांढरे, नजर तीच. "आलीस व्हय," म्हणाल्या, बस म्हणाल्या नाहीत.

मी विहिरीच्या कट्ट्यापाशी थांबले. काकू माझ्या पायांकडे बघत होत्या. "तुझा बापबी असाच यायचा," त्या म्हणाल्या. "दर वर्षी, म्हस मेली त्याच दिशी. चपला काढून हिरीच्या पल्याड हुबा ऱ्हायचा. म्या कदी भायेर आले न्हाई."

"का?"

"दर बारीला निरोप धाडायचा. त्याच दिशी न्हाई धाडला. मला वाटलं, मानूस इसरला न्हाई, मुद्दाम गप बसला. साहेबानं दम दिला आसंल."

बावीस वर्षं ते वाक्य माझ्या घशात होतं. "धाडला होता काकू. माझ्याकडे दिला होता. मी सायकल खेळत बसले. घरी जाऊन सांगितलं म्हणून खोटं बोलले. अण्णांना मरेपर्यंत माहीत नव्हतं."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ओढ्यात थोडं पाणी होतं आणि त्याला कसलाच वास नव्हता. मग पदरानं डोळे टिपत, माझ्याकडे न बघता, विहिरीपलीकडे जिथे अण्णा उभे राहायचे तिथे बघत त्या म्हणाल्या, "म्हंजे धाडला हुता."

"हो."

घर म्हणजे काय, हे मी सहा वर्षं परक्या शहरात शोधत होते; भाड्याच्या खोलीत, आईच्या लोणच्यात, त्या पाण्याच्या रिकाम्या कॅनमध्ये. आणि जिथे माझ्या खोट्यामुळे अजून कुणीतरी अण्णांवर राग धरून बसलं होतं, तिथे मी पाऊल टाकायचं टाळत होते. मला वाटलं, आता काकू मला जा म्हणतील. म्हणाल्या असत्या तर मी गेले असते.

त्यांनी माझ्या पुढ्यात मूठभर शेंगा ठेवल्या.

"पायात घाल ते," त्या म्हणाल्या. "सराटं हाईत हितं."