पणजीचं माहेर कुठलं?

"मॅडम, यात मी स्वतःला कुठे लिहू?"

स्नेहलने तक्ता माझ्यापुढे धरला. कर्जतच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमचा रविवारचा वर्ग चालू होता. तक्ता मीच तयार केलेला. सगळ्यात वर मूळ पुरुष, त्याखाली मुलगा, त्याखाली नातू. चौकटी आखलेल्या, शेजारी गावाचं नाव लिहायला जागा.

"मुली नसतात त्यात. खाली कोपऱ्यात पेन्सिलने लिही," मी म्हटलं. "कुलवृत्तांताची पद्धतच तशी असते."

तिने पेन्सिल उचलली. तिच्याकडे माझ्याशी वाद घालायला वेळ नव्हता. मुदतीला पंचवीस दिवस होते फक्त.

मी महसूल खात्यातून रेकॉर्ड कीपर म्हणून रिटायर झाले. तीस वर्षांहून जास्त काळ जुन्या कागदांची धूळ खाल्ली. सातबारा, फेरफार, जन्ममृत्यूच्या वह्या, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून चारपाच जणांना धरून वंशावळ मंडळ काढलं. ऑफिसातले म्हणाले, "बाई, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात." मी म्हटलं, "आपण कुठे ऋषी आहोत?" महिन्यातून दोन रविवार आम्ही जमतो. जुनी कागदपत्रं कशी मागायची, कुठे मागायची, ते मी शिकवते. आमचे अध्यक्ष मोडी लिपी शिकवतात. ते रिटायर्ड हेडमास्तर. सगळे त्यांना सर म्हणतात. स्वतःच्या घराण्याच्या चौदा पिढ्या त्यांना तोंडपाठ आहेत, आणि कुणी विचारलं नाही तरी ते म्हणून दाखवतात.

स्नेहल पळसदरीची. वडील टेंपो चालवतात, आई अंगणवाडीत. बारावीला उत्तम मार्क, नर्सिंगला नंबर लागलेला, पण ॲडमिशन कच्ची. जातीचा दाखला तिच्याकडे होता, त्याची पडताळणी झालेली नव्हती. समितीने त्रुटी काढली होती: पन्नास सालाआधीचा, जात लिहिलेला, वडिलांकडच्या घराण्यातला एक कागद आणा. नाहीतर प्रकरण बंद, आणि सीट गेली.

तिच्या घरातले सगळे कागद नंतरचे. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध'. आजोबा शाळेत गेलेच नाहीत.

"घरात तो जुना शब्द कुणी उच्चारत नाही," स्नेहल मला म्हणाली. "पप्पा म्हणतात, आमी तो सोडून दिला, आणि आता तोच कागदावर शोधत हिंडायचं."

 मी अर्ज काढला आणि लिहायला घेतला.

सरांना हे रुचलं नाही. वर्ग संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आपलं मंडळ अभ्यासाचं आहे. दाखल्यांसाठी सेतू केंद्र आहे की."

"सर, तुमच्या चौदा पिढ्या म्हणजे अभ्यास, आणि तिला तीन हव्यात तर ते सेतूचं काम?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. तिला मोडीच्या वर्गात बसू द्या. बाकीचं मी बघते."

सर रागावले नाहीत, तोंड मात्र वाकडं केलं. पण शिकवायला बसले की त्यांना कुणाशी दुजाभाव करता येत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनी स्नेहलला बाराखडी दिली आणि सगळ्यांना देतात तोच होमवर्क दिला: आपल्या पणजोबांचं नाव मोडीत शंभर वेळा लिहून आणायचं.

आता कागद कुठे मिळतो ते सांगते. पूर्वी गावात मूल जन्मलं की त्याची खबर पाटलाकडे जायची आणि पाटील ती वहीत लिहायचा. गाव नमुना चौदा म्हणतात त्याला. लोक म्हणतात कोतवाल बुक. वही पुढे तालुक्याला जमा व्हायची. तिच्यात बापाचं नाव असतं, जात असते, राहण्याचं गाव असतं, खबर देणाऱ्याचं नाव असतं. मुलाचं नाव बहुतेक नसतंच, कारण बारशाच्या आधीच नोंद व्हायची. नुसतं लिहितात, मुलगा. आणि मूल ज्या गावात जन्मलं, त्या गावच्या वहीत नोंद होते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मला ते तीस वर्षं पाठ होतं, तरी मी माती खाल्ली.

स्नेहलच्या आजोबांचं नाव बाळू. त्यांचे वडील धर्मा, त्यांचे वडील राघू. घराणं पळसदरीचं. तक्त्यात प्रत्येक नावापुढे मी स्वतःच्या हाताने 'पळसदरी' लिहिलं आणि कर्जतच्या अभिलेख कक्षात अर्ज टाकला. अभिलेख कक्ष म्हणजे आमची रेकॉर्ड रूम. तिथला क्लार्क माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याने पळसदरीच्या सगळ्या वह्या काढून दिल्या. बाळूच्या जन्माचा अंदाज धरून पुढची-मागची मिळून आठ वर्षं आम्ही बघितली. मोडी मला तोडकी-मोडकी येते, म्हणून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दोन दिवस गेले. शेवटच्या वर्षांची वही वाळवीने खाल्लेली. बाळूच्या वर्षांच्या वह्या धडधाकट होत्या, पण त्यांत बाळू नाही.

क्लार्कने नियमाप्रमाणे लिहून दिलं, नोंद आढळून येत नाही.

"मॅडम, आता?" स्नेहलने विचारलं.

"आता शाळांची रजिस्टरं बघू. धर्माचे भाऊ, चुलतभाऊ, कुणीतरी गेला असेल शाळेत."

कुणी गेलं नव्हतं. त्यात आणखी सहा दिवस गेले. तिच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, नशिबात नसंल तर ऱ्हाऊ दे. पोरगी फार्मसीच्या दुकानात कामाला लागंल." मी त्यांना सरळ झापलं. "नशीब वगैरे मला सांगू नका. वही असते किंवा नसते. तुम्ही फक्त सही करायला या, कुठे ते मी सांगते." फोन ठेवला आणि मलाच रडू फुटायचं बाकी राहिलं, कारण कुठे जायचं ते मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्गाच्या रविवारी अकरा दिवस उरले होते. स्नेहल वर्गात आली ती दुसराच कागद घेऊन. तिने माझा तक्ता बाजूला ठेवून वहीच्या दोन पानांवर स्वतःच वंशावळ काढली होती. तिच्यात ती स्वतः होती. आई होती, आजी होती. आणि आजोबांच्या शेजारी एक नाव होतं, सोना.

"ही कोण?"

"पप्पांची आत्या. खालापूरला मुलाकडे असते. ऐंशीच्या पुढे आहे."

"म्हणजे बाळूची सख्खी बहीण? जिवंत आहे?" माझा आवाज चढला. "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मुली नसतात म्हणालात."

 शेजारी सर फळा पुसत होते, त्यांनी हात थांबवला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी खालापूरला गेलो. सोनाआजी पडवीत वाल निवडत बसल्या होत्या. कान तिखट, नजर त्याहून तिखट. मी माझी ओळख दिली, फाईल उघडली आणि म्हटलं, "आजी, तुमच्या दादाचा जन्म पळसदरीला कुठल्या साली झाला, काही सांगता येईल?"

"पळसदरीला?" आजींनी सूप खाली ठेवलं. "दादा कुठं पळसदरीला जल्मला? तो चौकचा."

"चौकचा कसा? घर तर पळसदरीला..."

"आगं बाय, पयलं बाळतपण मायेरी नाय का करीत? आमच्या आयेचं मायेर चौक. दादा पयला. मी मागनं झाली, पळसदरीला. तुजं पयलं पोर कुठं झालं?"

माझं पहिलं मूल माझ्या माहेरी झालं. मी स्वतः माझ्या आईच्या माहेरी जन्मले. माझ्या जन्मदाखल्यावर आजोळच्या गावाचं नाव आहे, ते मी शेकडो फॉर्मवर लिहिलंय. तीस वर्षं लोकांना सांगत आले की मूल जन्मतं तिथे नोंद होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी फाईल मिटून टाकली.

"आजी, हे तुम्ही घरात कधी कुणाला सांगितलं नाही?"

"मला कुनी इचारलं? पोरीच्या जातीला कोन इचारतं गं?" आजी हसल्या. मग स्नेहलचा हात धरून म्हणाल्या, "आन् आमचा आजा, भिवा, आयेचा बाप, चौकला गावकामगार व्हता. कुनाच्या घरी पोर झालं, कुनी मेलं, पाटलाकडं सांगावा त्यानंच न्यायचा. आख्ख्या गावाच्या पोरांची खबर दिली त्यानं. सोताच्या नातवाची नसंल दिली व्हय?"

चौक खालापूर तालुक्यात. आम्ही दोन आठवडे शेजारच्या तालुक्यात डोकं फोडत होतो. स्नेहलच्या वडिलांना फोन करून बोलावलं, तहसीलमध्ये अर्जावर सही घेतली. दोन दिवसांनी वह्या बघायला बोलावणं आलं. त्या दिवशी सकाळी कर्जतच्या स्टँडवर सर उभे होते, धोतराला इस्त्री, हातात भिंग.

"तुमची मोडी कच्ची आहे," ते मला म्हणाले. "उगाच चुकीचं वाचाल."

"या की, मी कुठे नको म्हटलं?"

चौकच्या वह्यांचा रुमाल सोडला. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर. एका टेबलाभोवती आम्ही तिघं. सर भिंग लावून वाचत होते, मी पानं उलटत होते, स्नेहल उभी राहून बघत होती, वडील दाराशी. पहिल्या वहीत काही नाही. दुसरीत काही नाही. पण सर मधेच थांबले.

"बाई, हे बघा. खबर देणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक पानावर एकच नाव. भिवा. वाण्याच्या घरचं मूल, भिवा. जोशांच्या घरचं मूल, भिवा. सगळ्या गावाचं."

"माझ्या पणजीचे वडील," स्नेहल म्हणाली.

सरांनी भिंग पुसलं आणि तिसरी वही घेतली. जेवायची वेळ टळून गेली. सरांचे डोळे दमले, त्यांनी चष्मा काढून क्षणभर डोळे मिटले. तेवढ्यात स्नेहलने पानावर बोट ठेवलं.

"सर, हे धर्मा आहे."

"थांब, मला बघू दे."

"धर्माच आहे, सर. शंभर वेळा लिहिलंय मी."

सरांनी भिंग लावलं आणि मोठ्याने वाचलं. "धर्मा बिन राघू. महार. राहणार पळसदरी. मुलगा. खबर देणार भिवा, मुलीचा बाप." मग त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, वर्गात वाचतात तसं, शब्द तोडून.

दाराशी उभे असलेले वडील आत आले. त्यांना मोडी येत नव्हती, तरी त्यांनी ती ओळ खूप वेळ बघितली. "हा माजा बाप," ते म्हणाले. "मुलगा, येवढंच लिवलंय ना? हा माजा बाप." त्यांनी डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. मला हुंदका आवरला नाही, आणि मी तो आवरायचा प्रयत्नही केला नाही.

पुढचं काम सरळ होतं. वहीची नक्कल घेतली, म्हणजे सही-शिक्क्याची प्रत. सरांनी मोडीचं देवनागरी करून दिलं. समितीला नियमाप्रमाणे लागतं तसं शासनमान्य जाणकाराकडून प्रमाणित करून घेतलं. जुन्या मतदार यादीत 'बाळू धर्मा' सापडला, ती प्रत जोडली. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं. मुदतीला दोन दिवस राहिले असताना फाईल जमा झाली. पडताळणीचा दाखला आला. स्नेहल आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत मोडीच्या वर्गाला येते.

मी एवढं शिकले की नोंद फारशी हरवत नाही, शोधणाराच भलत्या गावात बसलेला असतो.

जुने तक्ते मी रद्दीत दिले. नवा फॉर्म स्नेहलकडून काढून घेतला. त्यात पहिला प्रश्न आहे, आईचं माहेर कुठलं? दुसरा, आजीचं? तिसरा, पणजीचं? तो वर्गात पहिल्यांदा वाटला त्या रविवारी सरांनी पहिलं उत्तर भरलं. दुसरंही भरलं. तिसऱ्यापाशी पेन थांबलं. चौदा पिढ्या तोंडपाठ असलेला माणूस बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसला. मग फॉर्म घेऊन स्नेहलच्या बाकाशी गेला.

"मुली, मला हे माहीत नाही गं," सर म्हणाले. "कुठून सुरुवात करू?"

स्नेहलने वही उघडली. "सर, तुमच्या घरात एखादी आत्या आहे का अजून?"