डबा घेतलास काय?

जगातले सगळे प्रोग्राम एकदा लिहून झालेले आहेत, आता ते फक्त जपून वापरायचे, असं मानणारा प्रोग्रामर मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या ऑफिसातले दादा. नव्वदचं दशक नुकतंच संपलं होतं आणि रोह्याच्या बाजारपेठेत, एका दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. माझे वडील मिठागरात कामाला. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. मुलाखतीत माझी इंग्रजीत बोबडी वळली तेव्हा "पोरगा कामाचा हाय, मी शिकवतो त्याला," असं मालकांना सांगणारे दादाच होते. त्यांच्याविषयी हसून लिहायचं ठरवलं, तरी हे आधी सांगायला हवं.

दादा मूळचे जोह्याचे, गणपतीच्या कारखान्यात वाढलेले. कीबोर्डवरची धूळ ते रंगकामाच्या झिजलेल्या ब्रशने झाडत. नवं काम आलं की आम्ही कोरी वही उघडायचो आणि दादा एक जुना फोल्डर. तो उघडण्याआधी हात धुवायचे! त्यात त्यांच्या आधीच्या कंपनीतला वेबचा प्रोग्राम होता. लॉगिन, वरची पट्टी, याद्या, बाहेर पडायचं पान, सगळा सांगाडा तयार. तो लिहिला होता त्यांचा जोडीदार सलीमने. सलीम काविळीने गेला, पुढे कंपनीही बंद पडली आणि मालक "घेऊन जा" म्हणाले म्हणून दादांनी तो प्रोग्राम फ्लॉप्यांवर भरून आणला. आमची नवी पानं बाहेर राहायची आणि सांगाडा सलीमच्या फोल्डरमधून उचलायची. फोल्डरच्या आत मात्र बोट लावायचं नाही. "साचा तोच, फेटा नवा," दादा म्हणत. "पोट काय दरसाल नव्यानं घडवतात व्हय?"

पण साच्याबरोबर साच्यातली खूणही उमटायची. प्रोग्राममधून बाहेर पडताना शेवटच्या पानाच्या तळाशी, रोमन अक्षरांत, सलीमची एक ओळ यायची : डबा घेतलास काय? मिठागरवाल्यांच्या सोसायटीत ती आली तेव्हा कारकून खूश झाले. दूध डेअरीचे मॅनेजर रोज संध्याकाळी पडद्याला "घेतला बाबा, घेतला" असं उत्तर देत. पेणच्या एका प्रसूतिगृहात ती आली आणि डॉक्टर कडाडले, "मला अरेतुरे? आणि डबा? हे हॉस्पिटल आहे की खाणावळ?"

ओळ जाईल, नाहीतर काम जाईल, असा निरोप आला. मालक दादांना म्हणाले, "हे काम गेलं तर तुम्हाला ठेवणं मला जमायचं नाही." दादा म्हणाले, "नका ठेवू मग. ओळ ऱ्हाईल."

गणपती तोंडावर आले होते. दादा मूर्तींचे डोळे आखायला दोन दिवस जोह्याला गेले. त्यांची नोकरी वाचावी म्हणून मी तो फोल्डर उघडला, हात न धुता. ती एक ओळ पुसली.

परत आल्यावर दादांनी त्या कामाच्या पानांची पहिली प्रत छापली, न बघताच घडी घातली आणि म्हणाले, "चल, सलीमच्या घरी." ही त्यांची रीत. जोह्याला त्यांच्या घरी दुसऱ्याचा साचा वापरला, तर पहिली मूर्ती साचेवाल्याच्या घरी जायची.

"सलीमच्या अम्मींना काय कळतं त्यातलं?" मी वाटेत विचारलं.

"काय नाय. खालची ओळ तेवढी ऐकते. तो कंपनीच्या बसला निघाला की रोज दारातून हेच ओरडायची ना त्याला! म्हणून त्यानं गमतीनं घातली."

सांगायला तोंड उघडलं, तोवर दार आलं.

अम्मी ओट्यावर बसल्या होत्या. "या वखताला कुठलं रे?"

"पेणचं. बाळंतिणींचा दवाखाना."

"चांगलं काम हाय."

दादा वाचत गेले. बाईचं नाव, खोली, घरी सोडल्याची तारीख.

"आन् खालचं?"

दादा थांबले. कागदाच्या तळाशी पांढरी जागा होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पांढऱ्यावर बोट टेकवून त्यांनी सावकाश वाचलं, "डबा घेतलास काय?"

"कधी नाय घ्यायचा," अम्मी म्हणाल्या. "मीच धावायची मागनं." मग कागद घेऊन त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

परतताना मी म्हणालो, "दादा, चुकलं माझं."

"माझ्यासाठी केलंस, ठावं हाय." चालता चालताच ते पुढे बोलले, "ओळ फ्लॉपीवर हाय अजून. उद्या हात धुऊन बस."

मी ओळ परत बसवली. दादा एकटेच पेणला जाऊन डॉक्टरांना भेटून आले. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण ओळ राहिली आणि दादाही राहिले.

वर्षभरात अम्मी गेल्या. त्यानंतरही दादा प्रत्येक नव्या कामाची पहिली प्रत छापत, घडी घालत, चपला घालून जिन्यापर्यंत जात. तिथून परत येत आणि घडी माझ्या हातात देत. "वाच," म्हणत.

मी वाचायचो. पार खालच्या ओळीपर्यंत.