उन्नतीची शपथ

देवावर जास्त भरवसा की वंदनावर, असं कोणी कुसुमताईंना विचारलं असतं, तर आधी त्या भडकल्या असत्या आणि मग हळूच खरं सांगितलं असतं. वंदना म्हणे आज एकादशी, की कुसुमताईंचा उपास सुरू. भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं असे, पण त्याच्याकडे पाहतो कोण! एकदा वंदनाचाच दिवस चुकला आणि कुसुमताईंनी दशमीला साबुदाणा खाल्ला. कॅलेंडरात चुकीचं छापलं असेल, म्हणाल्या. आता अशा बाईला काय समजवायचं, सांगा!

दोघींची ओळख कळमन्याच्या मिरचीच्या गोदामातली. तिथं बायका ओळीनं बसून मिरचीची देठं खुडत. तोंडाला पदर, समोर लाल ढीग, आणि दिवसभर शिंका. पहिल्याच दिवशी कुसुमताई डोळा चोळायला गेल्या, तर शेजारच्या पोत्यावरच्या बाईनं मनगट पकडलं. "डोळ्याले हात लावू नको वं, आंधळी होशीन!" ती वंदना. पुढची चौदा वर्षं दोघी शेजारी शेजारी बसल्या. नवऱ्यांनी हुडकेश्वरला प्लॉट घेतले तेही लागून. नंतर वंदनाचे मुकुंदराव प्लॉटच्याच धंद्यात शिरले, घरावर मजला चढला, वंदनाची मिरची सुटली. कुसुमताईंची नाही सुटली, पण त्यावरून दोघींत कधी वाकडा शब्द झाला नाही.

कुसुमताईंचे मालक गेले तेव्हा वंदना तेरा दिवस त्यांच्याकडे निजायला आली. चौदाव्या दिवशी सावनेरहून, भावाच्या शेतातून, एक कुत्र्याचं पिल्लू पिशवीत घालून घेऊन आली. पांढरंशुभ्र, कपाशीच्या फुटलेल्या बोंडासारखं. "घे," म्हणाली, "घरात ओरडायले कोणी तं पाहिजे न." तोच हा बोंड्या. नऊ वर्षांचा झाला. कुसुमताईंना मूलबाळ नाही. वंदनाची लेक उन्नती त्यांच्या ओट्यावर वाढली आणि बोंड्या त्यांच्या खाटेखाली. बाईचा संसार म्हणाल तर एवढाच.

त्या एप्रिलात उन्नतीचा साखरपुडा ठरला. रविवारी, वंदनाच्या गच्चीवर. आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली सुपाएवढं आग्या मोहोळ! लेआउटच्या, म्हणजे वसाहतीतल्या, लोकांनी मोहोळ काढणारा जाणकार माणूस ठरवला, पण तो सोमवारच्या आधी रिकामा नव्हता. मुकुंदरावांचा जीव वरखाली. पोराकडची माणसं गच्चीवर जेवायला बसतील आणि वरून माशा पडतील, हे त्यांना स्वप्नातही दिसू लागलं. साखरपुडा खाली अंगणात करा म्हटलं तर अंगणात मावत नाहीत, हॉल घ्या म्हटलं तर घराचा थाट दिसत नाही. मोठे लोक झाले होते ना आता!

शुक्रवारी सकाळी वंदना फाटकाशी आली. "कुसुम, आज मांडववाले येतीन. बोंड्याले बांधून ठेव वं, उगाच त्यायच्या अंगावर जाईन."

कुसुमताईंनी बांधला. जांभळाखाली, साखळीनं. साखळीची त्याला सवय नव्हती, तो गोल गोल फिरला, कुईकुई केलं. "दोन घंट्याचं काम आहे रे राजा," म्हणून त्याच्यापुढं पाणी ठेवलं आणि त्या आत स्वयंपाकाला गेल्या.

मांडववाले काही आले नाहीत. दुपारी दोनच्या सुमाराला बाहेर असा आवाज झाला, की कुसुमताईंना वाटलं कुणी गिरणी सुरू केली. मग बोंड्याची किंकाळी. कुत्रा भुंकतो, रडतो, पण ते ओरडणं वेगळंच होतं. दार उघडलं तर अंगण काळं. माशाच माशा. बोंड्या साखळीला हिसके देत होता, हवेत तोंड मारत होता, माशा चावून चावून गिळत होता. कुसुमताईंनी खाटेवरची गोधडी ओढली, डोक्यावर घेतली आणि धावल्या. हातावर चार-पाच डंख बसले, पण कळ कळायला वेळ कुणाला होता! साखळी सोडली, गोधडीतच गुंडाळून त्याला घरात ओढला. चेहरा फुग्यासारखा सुजला होता. दोनदा ओकला आणि पाय पसरून पडला.

"वंदना! वंदना वं!" कुसुमताईंना संकटात दुसरं नाव येतच नसे.

वंदना आली. डोक्यावरून शाल घेऊन, धापा टाकत आली, हे कबूल करायलाच पाहिजे. कोपऱ्यावरच्या रोशनची रिक्षा मागच्या गल्लीत तिनंच आणवली. बोंड्याचे मागचे पाय तिनंच उचलले. शेजारून कुणी ओरडत होतं, लोखंड घासा, चुना लावा. वंदना त्यांच्यावर खेकसली, "तुमचा चुना ठेवा तुमच्यापाशी, डॉक्टर पाहिजे त्याले!" आणि रिक्षात बसल्यावर ती रडली. खरोखरची रडली. कुसुमताईंना त्याही परिस्थितीत वाटलं, बाप्पा, ही नसती तर माझं काय झालं असतं!

पहिल्या दवाखान्याचं शटर खाली. पाटीवर लिहिलेलं, सायंकाळी पाच ते नऊ. आता माशांना कोण सांगणार की पाचनंतर चावा! रोशननं पाटीला एक कचकचीत शिवी घातली आणि रिक्षा मानेवाड्याकडे वळवली.

बोंड्याचं डोकं कुसुमताईंच्या मांडीवर होतं. त्या वाकून त्याच्या कानात बोलू लागल्या, तेव्हा त्याच्या केसांना एक वास आला. उग्र, घशात बसणारा. कुसुमताई कपाशीवाल्याची लेक. लहानपणी फवारणीच्या दिवसांत बापाच्या पंपाला पाणी त्यांनीच वाहिलेलं.

"वंदना, हा वास फवारणीच्या औषधाचा आहे न वं?"

"कायचं औषध! गच्चीच्या ग्रिलले रंग देऊन राहिले सकाळपासून, त्याचा आहे." वंदनानं नाक पुसलं. "अन् तुह्यं नाक तं काही सांगूच नको. इतकी वर्षं मिरचीत बसली, तुले मोगरा अन् घासलेट सारखंच."

ते तर खरंच होतं. गोदामातल्या सगळ्याच बायकांची नाकं मेलेली. आणि वंदना सांगते आहे म्हणजे रंगच. कुसुमताईंनी तो विषय तिथंच सोडला.

तिथल्या दवाखान्यातली डॉक्टर भैरवी वयानं उन्नतीएवढीच असेल, पण हात झपझप चालत होते. बोंड्याला टेबलावर घेतलं, हिरड्या पाहिल्या, पायाचे केस भादरून सुई घातली. एक इंजेक्शन, दुसरं इंजेक्शन, सलाइन. "डंख काढू नका चिमटीनं," म्हणाली, "जास्त विष आत जातं." स्वतः नखानं खरडून एकेक काढला. शंभरावर होते. मग तिनंही त्याच्या केसांचा वास घेतला आणि मान वर केली.

"मोहोळावर काही फवारलं होतं का?"

वंदना काही बोलायच्या आत कुसुमताईच बोलल्या. "नाही मॅडम. रंगाचा वास आहे तो. हिच्या घरचंच मोहोळ आहे, हिले माहीत."

अर्ध्या तासात सूज थोडी उतरली. श्वास सरळ झाला. कुसुमताईंनी देवाला हात जोडले. आणि ते हात खाली यायच्या आत बोंड्याच्या तोंडातून लाळेची तार सुटली, मग फेस. अंग बारीक बारीक थरथरायला लागलं. छातीत पाणी भरल्यासारखी खळखळ. डॉक्टरनं बॅटरी मारून डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झालेल्या.

"हे माशांचं नाही," ती म्हणाली. "हे मला शेतातल्या औषधाचं दिसतंय. त्यानं औषध लागलेल्या माशा खाल्ल्यात. त्यावरचं इंजेक्शन आहे माझ्याकडे. पण ऐका. त्याचं हृदय आधीच भयंकर पळतंय. मी इंजेक्शन दिलं आणि पोटात ते शेतातलं औषध नसलंच, तर ते हृदय बंद पडू शकतं. औषध असलं आणि मी दिलं नाही, तर हा तासभरही काढणार नाही. म्हणून खरं सांगा. फवारलं होतं?"

कुसुमताईंनी वंदनाकडे पाहिलं. डॉक्टरनं पाहिलं. दारात उभ्या रोशननंही पाहिलं.

"नाही," वंदना म्हणाली.

"वंदना, नीट आठव वं. मुकुंदरावायनं तुले न सांगता केलं असन."

"नाही म्हटलं न! मी घरातच होती." आणि मग आवाज चढवून, कुणी मागितली नसताना म्हणाली, "माह्या उन्नतीची शपथ!"

दोन दिवसांवर साखरपुडा आलेल्या लेकीची शपथ. आई कुठं खोटी घेते ती? आणि वंदनासारखी आई?

कुसुमताई टेबलाजवळ गेल्या. बोंड्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि भरून वास घेतला. शेजारी माणसं उभी आहेत, नाकाला फेस लागतो आहे, कशाची पर्वा केली नाही. मिरचीनं मेलेलं असेल नाक, पण बापाच्या सदऱ्याचा तो वास, तो धुऊनही न जाणारा, आई ज्या सदऱ्याला घराबाहेर टांगायची, त्याचा वास त्या विसरतील? त्या सरळ उभ्या राहिल्या.

"द्या मॅडम. फवारलं आहे."

"कुसुम!"

"द्या. काही झालं तं माह्या डोक्यावर."

डॉक्टरनं इंजेक्शन भरलं. थोडं थोडं देत गेली, छातीला नळी लावून ऐकत राहिली. कुसुमताई भिंतीला टेकल्या. आणि तिथं उभं राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आता काय मागायचं आहे देवाकडे. बोंड्या वाचला, तर वंदना खोटी. तोंडावर, लेकीची शपथ घेऊन खोटी. आणि वंदना खरी असली, तर आपणच आपल्या हातानं बोंड्याला मारलं. बाई डोळे मिटून ओठ हलवत होती. डॉक्टरला वाटलं कुत्र्यासाठी चाललं आहे.

दहा मिनिटं गेली. फेस थांबला. छातीतली खळखळ कमी होत होत ऐकू येईनाशी झाली. डॉक्टरनं पुन्हा बॅटरी मारली. "बाहुल्या मोठ्या झाल्या," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "ताई, औषधच होतं. तुम्ही बोलल्या म्हणून वाचला हा."

कुसुमताई मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "अहो, वाचला तो, वाचला!" डॉक्टर समजावत राहिली. पोर बिचारी, तिला काय ठाऊक!

पाचाच्या सुमाराला बोंड्यानं मान उचलली. आज घरी न्या, उद्या सकाळी परत आणा, डॉक्टर म्हणाली. कुसुमताई बाहेर आल्या तेव्हा वंदना पायरीशी उभी होती. मघापासून तिथंच होती. डोळे सुजलेले, पण आवाज कडक.

"भावाकडून पंप आणला होता ह्यायनं. कोणाले सांगशीन नको म्हणे. सोमवारपर्यंत मोहोळाले कोणी हात लावायचा नाही असं लेआउटमध्ये ठरलं होतं, लावला तं पोलिसात देतीन म्हणे. अन् पोराकडच्यायले समजलं तं? मी काय करू मंग?"

"बोंड्याले बांधायले तूच सांगतलं न?"

"गच्चीवर चढून भुंकला असता तं माशा उठल्या असत्या. असं होईन हे मले काय माहीत!"

"बरं. थे नव्हतं माहीत. आतमध्ये डॉक्टरनं विचारलं तवा तं माहीत होतं?"

 वंदना एकदम उसळली. "अन् तू काय केलं? चार लोकायसमोर मले खोटी पाडलं! मी शपथ घेतली तरी नाही मानलं. नाक कापलं माह्यं. एका कुत्र्यासाठी!"

कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं. गोदामात मनगट पकडणारी बाई शोधत असाव्यात. सापडली नाही.

"तुले माहीत आहे, मी थ्या भिंतीपाशी काय मागून राहिली होती?" त्या अगदी हळू बोलल्या. "वंदना खरी निघू दे म्हणत होती. बोंड्या गेला तं जाऊ दे म्हटलं मी देवाले, पण वंदना खरी निघू दे. माह्या लेकरावर पाणी सोडलं होतं मी तुह्यासाठी."

 

रोशननं आणि डॉक्टरनं मिळून बोंड्याला बाहेर आणलं. कुसुमताईंनी त्याला रिक्षाच्या सीटवर आडवा निजवला, पाय पूर्ण लांब करून, आणि आपण कोपऱ्यात कशाबशा टेकल्या. वंदनानं सवयीनं एक पाय आत ठेवला होता, तो तिनं हळूच बाहेर घेतला.

"चल गा रोशन," कुसुमताई म्हणाल्या.