दळण ठेवा आणि घरी जा

मलकापुरातल्या माती तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर दीपमाला एकटी सांभाळते. अख्ख्या गावाच्या मातीचे अहवाल काढायला सर्व्हरला नऊ मिनिटं लागतात, आणि पेज मात्र एका मिनिटात मान टाकायचं. मग ऑपरेटर वैतागून पुन्हा बटण दाबणार, सर्व्हर तेच काम पुन्हा पहिल्यापासून धरणार आणि सगळंच ठप्प होणार.

पुण्याहून तिचे वरिष्ठ शेखर सर फोनवर म्हणाले, "पेजचा टाइमआउट दहा मिनिटांचा करून टाक, तेवढा वेळ ते वाट बघेल. विषय संपला."

"नाई करत," दीपमाला म्हणाली. रागावली की तिची ऑफिसातली मराठी पार उडून जाते. "माह्या मायची चक्की हाये, सर. बाया डब्याले नावाची चिठ्ठी लावतेत अन् घरी जातेत. दळण होईस्तोवर चक्कीसमोर कोणी उभं नाई राहत. मंग माह्या ऑपरेटरनं पेजसमोर काऊन बसून राहावं?"

"हे सॉफ्टवेअर आहे, दीपमाला. चक्की नाही."

तिनं फोन ठेवला आणि दोन दिवसांत आपलंच खरं केलं. आता बटण दाबलं की पेज लगेच एक नंबर देतं आणि काम मागे चालू राहतं. अहवाल तयार झाले की त्या नंबरापुढे हिरवी खूण येते. मध्येच कोणी पुन्हा बटण दाबलं, तर तोच नंबर दिसतो.

सरांनी स्वतः करून पाहिलं आणि फोन केला. "अजून नऊ मिनिटंच लागतात की! फरक काय पडला?"

"त्या नऊ मिनिटांत तुम्ही काय केलं, सर?"

"मी? चहा घेऊन आलो."

"मंग?" दीपमाला म्हणाली.