वीस जागांची एक्स-रे शाळा

दवाखान्यात जुने एक्स-रे साठत जातात. माणूस बरा होतो, घरी जातो आणि लिफाफा तिथेच विसरतो. टाकवत नाही आणि ठेवायलाही जागा नसते. माझ्या किश्श्यांचं तसंच झालंय. तेहेतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले, निवृत्त झाले, आणि घरी बसून काय करायचं म्हणून इथे कोल्हापुरातच एका लहानशा संस्थेत शिकवायला लागले. एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. जागा वीस, त्या कधी भरल्या नाहीत. कारभार तिघांचा: संचालक माने सर, ऑफिसात शोभाताई आणि शिकवायला मी. शरीररचना शिकवायला एक डॉक्टर येतात, आले तर. घरी मिस्टर आता ऐकून घेत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

* * *

प्रवेशाचे दिवस आले की माने सरांचा रक्तदाब वाढतो. एका वर्षी चौकशीलाच कोणी येईना. तेव्हा त्यांनी जिन्यापाशी मोठा फलक लावला, ‘शंभर टक्के नोकरी’. मी म्हटलं, सर, हे खरं नाही. ते म्हणाले, सगळेच लिहितात मॅडम. आपण नव्वद लिहिलं तर लोक विचारतील, बाकीच्या दहांचं काय केलंत?

दुसऱ्याच दिवशी मुरगूडहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. दुधाचा धंदा होता त्यांचा. बोलणं मोकळं, आवाज खालच्या टायरवाल्यापर्यंत जाणारा. सरांनी त्यांना चहा दिला, कोर्स समजावला, फी सांगितली, तीन हप्ते पाडून मिळतील हेही सांगितलं. गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “शंभर टक्के नोकरी लागती म्हणताय?”

सर म्हणाले, हो.

“मग फी नोकरी लागल्यावर देतो की पावणं. तुमचं पैसं कुठं बुडत्यात?”

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पूर्ण संपवला. खाली टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज तेवढा येत होता.

गृहस्थ उठले. जिन्यात मला गाठून म्हणाले, ताई, तुम्ही वयानं मोठ्या दिसताय, खरं सांगा, पोराला घालू का न्हाय? मी म्हटलं, आठ तास उभं राहता येत असेल आणि दुखणाऱ्या माणसावर खेकसणार नसेल, तर घाला. पहिली दोन वर्षं पगार कमी मिळेल. त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा मान खाली घालून उभा होता. ते म्हणाले, “उभा ऱ्हातोय त्यो. दुसऱ्याचं त्याच्या आईला इचारून सांगतो.”

आईचा निकाल चांगला लागला असावा. सोमवारी पहिला हप्ता घेऊन दोघं आले. मुलाचं नाव ओंकार.

फलक मात्र आहे तिथेच आहे.

* * *

आमच्याकडे स्वतःचं एक मशीन आहे. बंद पडलेल्या एका नर्सिंग होमकडून सरांनी घेतलं होतं. दोन वर्षं चाललं आणि मग त्याची ट्यूब जळाली. एक्स-रे मशीनची ट्यूब म्हणजे त्याचा जीवच. नवीन ट्यूबचा भाव आला तेव्हा शोभाताईंनी तो दोनदा वाचला. त्या बॅचची सगळी फी घातली असती तरी पुरली नसती.

सर म्हणाले, लाइट लागतो ना? टेबल वरखाली होतं ना? मग शिकवायला काय अडतंय? तसं पाहिलं तर त्यांचं खरं होतं. पेशंट कसा झोपवायचा, पाय कसा वळवायचा, हे मेलेल्या मशीनवरही शिकवता येतं. खरे फोटो काढायला आठवड्यातून दोन दिवस मुलं एका ट्रस्टच्या दवाखान्यात जातात. एकदा एका मुलीनं मला विचारलं, मॅडम, स्वयंपाकाच्या क्लासमध्ये गॅसच नसला तर चालतं का? मी म्हटलं, चालतं. जेवायला बाहेर जायचं.

खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात तशी आम्ही मशीनची करतो. त्या वर्षी मुलांनी मशीन पुसून चकचकीत केलं, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. माने सर नारळ घेऊन पुढे झाले. शोभाताई मागे हात बांधून उभ्या होत्या. त्या सहसा बोलत नाहीत. म्हणाल्या, “सर, हार ठीक आहे. पण गेलेल्यापुढं नारळ फोडत नाहीत.”

सरांनी नारळ तसाच हातात धरला. मग टायरवाल्याला नेऊन दिला. त्याचा कॉम्प्रेसर चालू होता.

* * *

ओंकार अभ्यासात बरा होता, पण घाबरट. ट्रस्टच्या दवाखान्यात त्याचा पहिला पेशंट कोण यावा, तर तालमीतला पैलवान. खांदा निखळल्यासारखं झालं होतं, छातीला मार होता. छातीचा फोटो काढायचा म्हणजे मोठा श्वास घ्यायला सांगायचं, धरायला सांगायचं, बटण दाबायचं आणि मग सोडा म्हणायचं. मी काचेमागे उभी राहून बघत होते.

ओंकारनं सगळं बरोबर केलं. श्वास घ्या म्हणाला, धरा म्हणाला, बटण दाबलं. फोटो स्क्रीनवर आला. पहिलाच फोटो आणि इतका स्वच्छ आला, की तो बघतच बसला. मला दाखवायला लागला, मॅडम बरगड्या बघा, मॅडम हे बघा. मीही बघत बसले, माझीही चूक आहे. मागं वळून बघितलं तर पैलवान अजून तसाच. छाती फुगलेली, चेहरा लाल, डोळे समोर.

ओंकार ओरडला, सोडा, सोडा. पैलवानानं सावकाश श्वास सोडला. मी धावत जाऊन त्याला खुर्ची दिली. म्हटलं, अहो, तुम्ही सोडायचा ना, माणूस गुदमरला असता.

पैलवान म्हणाला, “आमच्यात वस्ताद सोड म्हणंस्तवर सोडत न्हाईत.”

ओंकारचे डोळे भरून आले होते. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी वस्ताद म्हटलं होतं.

* * *

कोर्स झाल्यावर ओंकारला शहरातल्याच एका सेंटरमध्ये नोकरी लागली. सकाळी आठ ते रात्री आठ, रविवारी अर्धा दिवस. सरांनी भिंतीवरच्या यादीत त्याचं नाव आणि फोटो लावला. आमच्याकडे अशी यादी आहे, ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’.

वर्षभरानं कळंब्याच्या रस्त्याला मी स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला थांबले. निळा शर्ट घातलेल्या मुलानं पाइप हातात घेतला आणि म्हणाला, मॅडम, शून्य बघा. मी वर बघितलं तर ओंकार.

त्यानंच सांगितलं. सेंटरमध्ये पगार होता तेवढाच राहिला होता, वाढवून मागितला तर मालक म्हणाले, दारात दहाजण उभे आहेत. खोलीचं भाडं आणि खाणावळ जाऊन गावी जायला एसटीचे पैसे उरत नव्हते. पंपावर हजार रुपये जास्त मिळतात आणि ड्युटी आठ तासांची. वाईट वाटतं का, मी विचारलं. त्यानं पाइप जागेवर अडकवला. “वाटतंय की मॅडम. फोटू चांगला काढत हुतो मी.”

मी पैसे दिले. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

संस्थेत येऊन सरांना सांगितलं, ओंकारचं नाव यादीतून काढायला हवं, तो पेट्रोल पंपावर आहे. सर उठून यादीपाशी गेले. दमलेले दिसत होते. त्या वर्षी प्रवेश नऊच झाले होते आणि जागेचं भाडं वाढलं होतं.

“पगार वेळेवर होतो का त्याचा?”

मी म्हटलं, होतो.

“मग राहू दे यादीत.”

* * *

वैशाली नावाची मुलगी तीन वर्षांपूर्वी शिकून गेली आणि तिला एका बऱ्या दवाखान्यात काम लागलं. लग्न ठरलं बिद्रीकडच्या घरात. सुपारी फुटली, हॉल ठरला, आणि मग मुलाकडून निरोप आला, की मुलीनं नोकरी सोडावी, नाहीतर विचार करावा लागेल. कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की एक्स-रेवाल्या बाईला मूल होत नाही, झालं तर धड होत नाही.

वैशालीचे वडील माझ्याकडे आले. ते शाळेत शिपाई आहेत. त्यांच्यासाठी ही नोकरी म्हणजे घरातली पहिली पांढऱ्या कोटाची नोकरी. ते म्हणाले, मॅडम, लग्न मोडलं तर बोभाटा होईल, आणि नोकरी सोडली तर माझी लेक मोडेल. तुम्ही येऊन सांगा.

रविवारी गेलो आम्ही. मी वैशालीच्या बॅजचे कागद बरोबर घेतले होते. आम्ही छातीला एक बॅज लावतो, किती किरण अंगाला लागले ते त्यावरून कळतं, आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. मी त्यांना ते आकडे वाचून दाखवले, शिशाचा ॲप्रन, भिंत, अंतर, सगळं सांगितलं. मुलाचे वडील पाटावर बसावं तसे सोफ्यावर मांडी घालून ऐकत होते. कागदाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. माझ्याकडेच बघत होते.

माझं संपल्यावर म्हणाले, “बाई, तुमची नोकरी किती वर्सं झाली?”

मी म्हटलं, तेहेतीस.

“आन् पोरं किती?”

“दोन.”

“धडधाकट हायती?”

मी म्हटलं, “एक धडधाकट आहे. दुसरा इंजिनिअर आहे.”

आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. वैशालीची होणारी सासू बाहेर येऊन म्हणाली, पोहे होतायत, बसा. लग्न झालं. वैशाली अजून नोकरीला आहे, तिला मुलगी झाली. आता गावात कुणाचाही एक्स-रे काढायचा असला, की तिचे सासरे आधी मला फोन करतात.

* * *

आणि अनिता. ही कागलकडची, घरात अर्धं कानडी बोलणारी. आमच्याकडच्या बऱ्याच मुलींसारखी ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलायची. हात सोन्याचा. पेशंटला दुखू न देता कसा वळवायचा, ते तिला शिकवावं लागलं नाही. पण चेहरा म्हणजे आरसा. फोटोत काही वाईट दिसलं, की हिच्या तोंडावर लगेच उमटायचं. एकदा एका बाईच्या मांडीचं हाड मोडलेलं बघून हीच हुंदका देऊन बसली. पेशंट बाईच हिला म्हणाली, पोरी, पाणी पी.

मी तिला फार रागावायचे. एक्स-रेवाल्यानं निकाल सांगायचा नसतो, ते डॉक्टरचं काम. माणूस तुझ्या तोंडाकडे बघत असतो, तुझं तोंड बघून तो घरी जाईपर्यंत अर्धा मरेल. तिनं विचारलं, मग मला परत एकदा नीट बघायचं असलं, दुसरा फोटो काढायचा असला, तर पेशंटला काय सांगू? मी तिला सांगितलं, जे आम्ही सगळे सांगतो तेच सांग. तुम्ही जरा हललात. दुसरा एक शब्द बोलायचा नाही. तिनं वहीत लिहून घेतलं. तरी जमत नव्हतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत याच कारणानं मी तिचे मार्क कापले होते.

आता ती एका मोठ्या सेंटरमध्ये आहे. पगार चांगला आहे, हाताखाली दोन मुलं आहेत. गेल्या महिन्यात मी तिथे गेले होते. दोन महिने खोकला जात नव्हता, वजन थोडं उतरलं होतं, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आणायला सांगितलं. अनितानं मला बघितलं आणि रांगेतून आत घेतलं. पाया पडली. माझी पर्स तिनं स्वतः खुर्चीवर ठेवली, केस वर बांधून दिले. बाहेर खूप गर्दी आहे, मुलगा पहिलीला जातो, असं काय काय बोलत होती. मग काचेमागे गेली.

मी मशीनच्या उभ्या पाटीला छाती लावून उभी राहिले. इतकी वर्षं लोकांना उभं केलं, कसं उभं राहायचं ते मला कोण सांगणार? फोटो झाला.

ती स्क्रीनकडे बघत होती. मी वळून तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखा होता. बाहेर आली, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला परत पाटीकडे वळवलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली,

“मॅडम, जरा हललात वाटतं. अजून एक काढतो.”

“शाब्बास,” मी म्हटलं.