काकांचा राहिलेला पट्टा

हॅनोव्हरच्या आम्हा चार-पाच मराठी मंडळींना ऑटोबानचं, म्हणजे जर्मनीतल्या महामार्गांचं, वेड. कोणाचे नकाशावरचे कुठले पट्टे गाडीने करायचे राहिलेत, यावर तासन्‌तास वाद चालतात. आमच्यातल्या वयस्कर काकांचा एकच राहिला होता, कासेलच्या अलीकडचा. तो जवळ आला की ते आधीच्याच आउसफार्टच्या फाट्याला बाहेर पडायला लावायचे आणि गावांतून वळसा. "आल्झो," जर्मनमधलं 'तर मग' लावून म्हणायचे, "बघू पुढच्या वेळी." एरवी चालवणाऱ्याशी अखंड बडबड, त्याचा डोळा लागू नये म्हणून, असं म्हणायचे.

परवा अंगात ताप होता, म्हणून तेच झोपले. आम्ही वळसा घेतलाच नाही. पट्टा संपल्यावर टाळ्या वाजवून त्यांना उठवलं. "काका, झाला तुमचा नकाशा पूर्ण!"

ते मागच्या काचेतून बघत राहिले.

"आमची ही इथेच गेली. गाडी तीच चालवत होती," ते म्हणाले. "तेव्हाही मी झोपलोच होतो."