मांजरीच्या पाठीचं ऑपरेशन

आदल्या संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेली आमची मांजरी सकाळी पुढच्या दोन पायांवर सगळं अंग ओढत स्वयंपाकघरात आली. मागचे पाय फरशीवरून नुसते घसटत होते. मी शाळेत शिकवायला निघाले होते. हातातला डबा तसाच ओट्यावर ठेवला.

मांजरी खरी बाबांची. आई गेल्यावर ते माझ्याकडे देऊळघाटला राहायला आले. जन्मभर एसटी चालवलेला माणूस, एका जागी बसणं माहीत नाही. ती मांडीवर आली की मात्र बसायचे.

बुलढाण्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबलं. ती किंचाळली, वळून चावायला गेली.

"दुखतंय हे कळतंय तिला, म्हणजे आशा आहे," ते म्हणाले. "मणक्यातली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला असावा. ऑपरेशन लागेल, तेही लवकर. इथं सोय नाही, औरंगाबादला न्या."

भाड्याची गाडी केली. टोमॅटोच्या क्रेटमध्ये सतरंजी अंथरून बाबांनी तिला मागे शेजारी घेतलं. खड्डा आला की ओरडायचे, "हळू घे बापा, पेशंट हाय!" आणि रस्ता बरा लागला की, "आता काऊन रेंगाळून राह्यला? दाब ना!" ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघायचा. मी खिडकीबाहेर.

तिथल्या सर्जनबाईंनी स्कॅन काढून दाखवला. मज्जारज्जूची पांढरी दोरी एका जागी चेपलेली होती. "इथलं थोडं हाड कोरून काढायचं आणि आत घुसलेली चकती साफ करायची. दाब जाईल. पण चालेलच, असं सांगता येत नाही."

"अन् नाही चालली तं?" बाबांनी विचारलं.

"तर सांभाळावं लागेल, काका."

तिला आत नेलं. बाबा फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत आणि टपरीपासून फाटकापर्यंत फेऱ्या घालू लागले. चहा मागवला, प्यायले नाहीत. मला त्यांच्या चपलांचा आवाज सहन होईना.

"बाबा, बसा ना जरा!"

"बसलो का मले तिची फाडलेली पाठ दिसते वं."

मग मीही उठले आणि त्यांच्याबरोबर चालू लागले.

ऑपरेशन नीट झालं. पाठ भादरलेली, टाक्यांची रांग, डोळे अर्धवट उघडे. घरी आणल्यावर तिला पिंजऱ्यात ठेवायचं होतं, आणि पोट दाबून लघवी काढायची होती. मी हात लावून मागे घ्यायचे, भलतंच काही दुखावलं तर? ते काम बाबांनी घेतलं. मी शाळेतून दर सुट्टीत फोन करायचे. बाबा म्हणायचे, "तशीच हाय." पुढे काही विचारायचा धीर व्हायचा नाही.

एका दुपारी त्यांचाच फोन आला. "मुतली वं माय! आपल्या मनानं मुतली! माह्या धोतरावर!" आवाज शिक्षकखोलीभर गेला. सगळे हसले. मला रडू आलं.

पुढे पाय हलला. मग पोटाखाली टॉवेल धरून तिला उभं करणं, पडणं, पुन्हा उभं करणं.

आता ती चालते. मागचा भाग डोलतो, वळताना कोलमडते, घाई केली की बसकण मारते. अंगणात बाबा तिच्या मागे मागे, हात पुढे करून.

"सोडा ना तिला बाबा, जाते ती."

"हाव, सोडतो," म्हणतात, आणि चालत राहतात.